‘समकालीन’ कोणाला म्हणायचे? ‘समवयस्क’ आणि ‘तत्कालीन’पेक्षा हा शब्द वेगळा कसा?

एकाच काळात जगलेल्या किंवा जगत असलेल्या माणसांना एकमेकांचे समकालीन म्हणतात. सम म्हणजे तोच किंवा सारखा, आणि ‘कालीन’ म्हणजे त्या काळातला. वय सारखे असण्याची अट नाही, ओळखदेख असण्याचीही नाही. दोघेही काही वर्षे तरी एकाच वेळी हयात असले की झाले.

तुकाराम महाराजांचे निर्वाण १६५० सालचे आणि शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. वयात मोठे अंतर, तरी दोघे समकालीन. टिळक आणि आगरकर दोघेही १८५६ साली जन्मले, म्हणून ते समकालीन तर होतेच, शिवाय समवयस्कही होते. उलट महात्मा फुले नोव्हेंबर १८९० मध्ये गेले आणि बाबासाहेब आंबेडकर एप्रिल १८९१ मध्ये जन्मले. मधले अंतर पाच महिन्यांचेही नाही, पण त्यांना समकालीन म्हणता येत नाही. विचारांचे नाते घट्ट असल्यामुळे पुष्कळजण इथे घसरतात.

‘तत्कालीन’ म्हणजे त्या वेळचा. ‘तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी परवानगी दिली’ हे वाक्य बरोबर. तिथे ‘समकालीन’ घातले की ‘कोणाचे समकालीन?’ हा प्रश्न लटकत राहतो. ‘समकालीन’ला सहसा दुसरी बाजू लागते, म्हणून आपण ‘नामदेवांचे समकालीन’ असे म्हणतो. लिंग-वचनाने शब्द बदलत नाही: समकालीन संत, समकालीन कवयित्री.

या शब्दाचा खरा कस लागतो तो इतिहासात, आणि तिथे तो सैल वापरलेला मला अजिबात पटत नाही. एखाद्या बखरीत प्रसंग रंगवून सांगितलेला असतो. पण लिहिणारा त्या काळी होता का, हे आधी पाहावे लागते. कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ शिवकाळातच रचले गेले, म्हणून ते समकालीन साधन. सभासद बखर महाराजांच्या निधनानंतर, १६९० च्या दशकातली. मात्र लिहिणारा कृष्णाजी अनंत महाराजांच्या काळातला माणूस. म्हणजे लेखक समकालीन, लेखन नंतरचे. मल्हार रामराव चिटणिसांची बखर तर थेट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, ती उत्तरकालीन. तिन्हींना सरसकट ‘जुनी साधने’ म्हटले की त्यांच्या वजनातला फरकच पुसला जातो. ज्ञानेश्वरांनी १२९० च्या सुमारास ग्रंथ पुरा करताना यादव राजा रामचंद्राचा उल्लेख केला आहे. राजा राज्यावर असतानाच लिहिलेली ती नोंद, म्हणून तिचे मोल मोठे.

राहता राहिला दुसरा अर्थ: आजचा, आपल्या काळातला. ‘समकालीन मराठी कविता’ म्हणजे सध्या लिहिली जाणारी कविता. इथे दुसरी बाजू सांगावी लागत नाही, कारण ती बाजू आपणच असतो.