डर्ट बाइक: क्लच दाबूनही गाडी सरकते, थ्रॉटल देताच घुटमळते. काय बघावे?

ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकदम हात घालू नका.

आधी क्लच. लिव्हरच्या मुळाशी २-३ मिमी मोकळीक ठेवा. जास्त असली की क्लच पूर्ण सुटत नाही, अजिबात नसली की घसरतो. केबल ठीक असेल तर कव्हर खोला. स्टीलच्या प्लेटा सपाट काचेवर ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवा, ०.२ मिमीचे पाते गेले तर प्लेट वाकलेली. जुन्या गाडीत खरा चोर मात्र बहुधा बास्केट (प्लेटा ज्यात बसतात ते भांडे) असतो: प्लेटांच्या कानांनी बास्केटच्या बोटांवर खाचा पडतात आणि प्लेटा तिथेच अडकतात. खाच नखाला स्पष्ट अडत असेल तर बास्केट बदला. कानशीने घासणे हा तात्पुरता इलाज. तेल 'जासो एमए' (तेलात बुडालेल्या क्लचसाठीचे मानक) खुणेचेच.

आता घुटमळण्यासाठी कार्ब्युरेटर. चोक ओढल्यावर सुधारते? मग पेट्रोल कमी पडतेय. पायलट जेट (कमी थ्रॉटलला पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे जेट) काढून उजेडात धरा, भोक गोल दिसले पाहिजे. तार खुपसू नका, भोक मोठे होते. क्लीनर आणि हवा पुरे. चोकने बिघडत असेल तर पेट्रोल जास्त होतेय, आधी एअर फिल्टर धुवा. खान्देशातल्या काळ्या मातीचा फुफाटा फोम पार बुजवतो, आणि मे महिन्यातल्या तापलेल्या विरळ हवेने पेट्रोल आणखी जास्त होते.