वाचकांचे प्रश्न : त्याला आमची माहिती कशी कळली?

प्रश्न : माझ्या पतींची नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. विम्याचा दावा मंजूर झाल्यानंतर काही दिवसांतच एका माणसाचा फोन आला. पॉलिसीचा क्रमांक, रुग्णालयाचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख हे सारे त्याने अचूक सांगितले आणि राहिलेली रक्कम मिळवण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल उघडण्यास सांगितले. मुलाने वेळीच अडवले. आमचा मोबाइल हॅक झाला असेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही लिहिले आहे त्यावरून तसे वाटत नाही. ही सगळी माहिती रुग्णालय, विमा कंपनी आणि दाव्याची कागदपत्रे तपासणारी मध्यस्थ संस्था अशा अनेक ठिकाणी साठवलेली असते व त्यांपैकी कुठूनही ती बाहेर जाऊ शकते. मे २०२१ मध्ये एअर इंडियाने प्रवाशांना असेच कळवले होते. कंपनीची प्रवासी सेवा यंत्रणा सांभाळणाऱ्या ‘सिटा’ या संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळात नोंदलेली, जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवाशांची नावे, जन्मतारखा व पासपोर्टचे तपशील उघडे पडले. त्या प्रवाशांच्या हातून कोणतीही चूक झालेली नव्हती, तशी ती तुमच्याही हातून झालेली नाही.

बाहेर गेलेली माहिती परत आणता येत नाही. म्हणून ज्याला आपली खरी माहिती ठाऊक आहे तो माणूसही खरा असणार, हा समज मात्र कटाक्षाने सोडावा लागेल. ‘डिजिटल अटके’ची, म्हणजे पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवरच अटक केल्याची, भीती घालणारे भामटेही आधार क्रमांक व घरचा पत्ता बिनचूक सांगूनच ज्येष्ठांना गप्प करतात, प्रत्यक्षात अशी अटक भारतीय कायद्यात कोठेही नाही. फोन ठेवून द्यावा आणि पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या क्रमांकावर स्वतः चौकशी करावी.

ती फाइल बहुधा ‘एपीके’ म्हणजे अ‍ॅप बसवणारी असावी. असे अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ती मिळाली की बँकेचे ओटीपी परस्पर भामट्याकडे जातात. कोणी ती उघडलीच असेल, तर मोबाइलचे इंटरनेट तत्काळ बंद करून दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्याआधी गोठवता यावेत, यासाठी इथे मिनिटामिनिटाला महत्त्व असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँक व ग्राहक या दोघांचाही दोष नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याचे दायित्व शून्य असते. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते.

विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन माहिती कुठून गेली, असे अवश्य विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सुरक्षेत कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे, परंतु ही रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते आणि ज्याची माहिती गेली त्याला त्यातून काहीच मिळत नाही. हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : लॉजवर आधार कार्डाची प्रत मागतात. ती द्यावी का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ओळखपत्र दाखवावे लागते, मात्र त्यासाठी पूर्ण आधार क्रमांक देण्याची गरज नाही. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्या. त्यात १२ पैकी शेवटचे ४ अंकच दिसतात. शिवाय आधारमधील बायोमेट्रिक, म्हणजे बोटांचे ठसे व डोळ्यांची ओळख, लॉक करून ठेवा. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे मिळवून आधारशी जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे अन्य राज्यांत उघडकीस आले आहेत. रेशन दुकानात ठसा द्यायचा असेल, तेव्हा लॉक तात्पुरते उघडता येते.