वेट डिस्ट्रिब्युशन हिच 1,000 पाउंडचं घेऊ की 1,200 पाउंडचं?

तुम्ही लिहिलंय की पिकअप हाफ टन (म्हणजे हलक्या वर्गातली) आहे, 26 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतलाय, भरून जास्तीत जास्त 7,000 पाउंड, आणि डीलर म्हणतोय 1,200 वालंच घ्या, मोठं तेवढं सेफ. मला हे अजिबात पटत नाही. मी इथे टेक्सासमध्ये साधारण एवढाच ट्रेलर ओढतो, आणि माझं म्हणणं एकच आहे, आधी वजन करा, मग हिच घ्या.

हे हिच म्हणजे ट्रेलर पिकअपला जोडणारी जोडणी, ट्रेलर तिच्या बॉलवर म्हणजे गोळ्यावर बसतो, आणि तिचे स्प्रिंग बार, म्हणजे दोन बाजूंचे लवचिक दांडे, बॉलवरचा भार पिकअपच्या पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देतात. हिचवर दोन आकडे असतात, समजा 1,000/10,000. पहिला टंग वेटचा म्हणजे बॉलवर खाली किती भार येतो त्याचा, दुसरा अख्ख्या ट्रेलरचा. लोक दुसरा बघून घेतात पण स्प्रिंग बार किती जाड हवेत ते पहिल्यावर ठरतं. भरलेल्या ट्रेलरच्या 10 ते 15 टक्के वजन बॉलवर आलं पाहिजे, म्हणजे तुमचं 700 ते 1,050 च्या मधे कुठेतरी. त्याहून कमी झालं तर बैलगाडी उलाळ व्हावी तसं होतं, आणि हायवेवर मागून ट्रेलर झुलायला लागतो. ब्रोशरमधल्या आकड्यावर जाऊ नका, तो रिकाम्या ट्रेलरचा असतो, गॅसचे भरलेले सिलिंडर, पाणी, पुढच्या कप्प्यातलं सामान काही त्यात धरलेलं नसतं. हिच निवडताना पिकअपच्या मागच्या ॲक्सलच्या मागे जे सामान ठेवणार तेही टंग वेटमध्येच धरा.

वजन करायला ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर जा. प्रवासाला निघताना भरता तसंच सगळं भरून, घरच्यांना बसवून. पुढची चाकं पहिल्या प्लेटवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्यावर, आणि स्प्रिंग बार न लावता पावती घ्या. मग ट्रेलर सोडून नुसत्या पिकअपची घ्या. पहिल्या पावतीतले पिकअपच्या दोन्ही ॲक्सलचे आकडे मिळवून त्यातून दुसरीचं एकूण वजा केलं की खरा टंग वेट हातात.

तो 850-900 आला तर 1,000 वालं घ्या. गरजेपेक्षा जाड बार वाकतच नाहीत, प्रत्येक खड्ड्याचा दणका ट्रेलरच्या फ्रेमला बसतो, आणि जास्त ताणून बसवले तर मागच्या चाकांवरचा भार इतका कमी होतो की पावसात ब्रेक मारताना पकड राहत नाही. बारीक बार घेतले तर पिकअपचं नाक वर ते वरच. सेटिंग करताना पुढच्या फेंडरची उंची मोजा, आधी ट्रेलरशिवाय, मग जोडून, मग बार लावून. किती परत खाली यायला हवं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, काही निम्मं सांगतात, काही पूर्ण.

प्रकार म्हणाल तर स्वे कंट्रोल, म्हणजे ट्रेलरचं झुलणं रोखायची सोय, आतच असलेलं घ्या, इक्वलायझर किंवा ब्लू ऑक्स स्वेप्रोसारखं. झुलणं रोखायला वेगळा फ्रिक्शन बार (घर्षणावर चालणारा दांडा) लावला की रिव्हर्स घेताना दर वेळी उतरून काढायचा, कॅम्पग्राउंडवर अंधारात जीव जातो. प्रोप्राइड, हेन्सली उत्तमच आहेत पण खूप महाग, 26 फुटीला मी तरी एवढे पैसे घालणार नाही. ट्रेलरला सर्ज ब्रेक (पिकअप थांबताना ट्रेलरच्या रेट्यानेच लागणारे) असतील तर मात्र ते हिच चालतं का आधी विचारा, सगळी चालत नाहीत.

आणि एक, हिचने पिकअपची ताकद वाढत नाही हो. ड्रायव्हरच्या दारातला पिवळा-पांढरा स्टिकर वाचा, माणसं आणि सामान मिळून किती ते लिहिलेलं असतं. समजा 1,500 असेल तर 900 टंग वेट, 80-100 हिचचं स्वतःचं, उरले जेमतेम 500, त्यात तुम्ही धरून सगळं कुटुंब, कूलर आणि कुत्रा. तिथे बसत नसेल तर कुठलंच हिच घेऊन उपयोग नाही, ट्रेलर तरी लहान घ्या नाहीतर पिकअप मोठी. रिसिव्हरवरचा, म्हणजे पिकअपच्या मागे हिच जिथे घालतात त्या चौकोनी खोबणीवरचा, स्टिकरही बघा, त्यावर वेट डिस्ट्रिब्युशनसाठीचा आकडा वेगळा दिलेला असतो.

स्टिकरचे फोटो आणि पावत्यांवरचे आकडे इथे टाका, मग बॉल किती खाली-वर लागेल तेही सांगतो.