प्रवेश अर्जातला ‘दिव्यांग’ रकाना

बारावीच्या अर्जांचा हंगाम सुरू झाला की एका विषयावरची पत्रं वाढतात: मुलाला किंवा मुलीला ऑटिझम आहे, ते कॉलेजला सांगायचं का? यंदाच्या पत्रांना विशेष शिक्षक, चिकित्सक मानसशास्त्रज्ञ आणि प्रवेश प्रक्रियेचे समुपदेशक यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: मुलगा बारावी सायन्सला आहे. पाचवीत असताना एका खासगी बालविकास केंद्रात ऑटिझमचं निदान झालं, तो रिपोर्ट आमच्याकडे आहे. सीईटीच्या अर्जात दिव्यांगत्वाचा रकाना आहे. ‘हो’ लिहिलं तर इंजिनिअरिंग कॉलेज नाकारेल, असं घरचे म्हणतात. आता ‘नाही’ लिहून नंतर सांगितलं तर चालेल का? — एक आई, नाशिक

उत्तर: तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन खिडक्यांवरचे तीन वेगळे निर्णय आहेत. पहिली खिडकी प्रवेश परीक्षेतल्या सवलतीची, दुसरी राखीव जागेची, तिसरी प्रवेश झाल्यानंतर कॉलेजात लागणाऱ्या मदतीची. प्रत्येकीचा कागद निराळा, मुदत निराळी. एकीकडे सांगितलं म्हणून दुसरीकडे आपोआप कळत नाही, आणि एकीकडे सांगितलं नाही म्हणून दुसरीचं दार बंदही होत नाही.

नाकारण्याच्या भीतीचं आधी पाहू. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांमध्ये जागावाटप गुण आणि विकल्प अर्जातला पसंतीक्रम यांवर होतं. तिथे कोणी प्राचार्य अर्ज चाळून ‘हा नको’ म्हणत नाही. रकान्यात ‘हो’ लिहिल्याने गुणवत्ता क्रमांक घसरत नाही. संस्था स्तरावरच्या जागांवर मात्र समोर माणूस बसलेला असतो. तिथे दिव्यांगत्वाचं कारण देऊन नाकारणं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या विरोधात जातं, पण कारण तोंडीच दिलं तर सिद्ध करणं अवघड. म्हणून अशा ठिकाणी प्रवेशाची पावती हातात पडेपर्यंत न सांगणं यात आम्हाला काही गैर वाटत नाही.

परीक्षेची सवलत हवी असेल, तर ती अर्ज भरतानाच मागावी लागते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं वाढीव वेळ मिळतो. लेखनिक घेतला नाही तरी मिळतो. म्हणजे १८० मिनिटांच्या पेपरला ६० मिनिटं जास्त. अर्ज दुरुस्तीची खिडकी बंद झाल्यावर, हॉल तिकीट आल्यावर किंवा केंद्रावर जाऊन हे मागता येत नाही. दरवर्षी कुणीतरी परीक्षेच्या सकाळी प्रमाणपत्र घेऊन केंद्रावर पोचतं, आणि केंद्रप्रमुखाच्या हातात तेव्हा खरोखरच काही नसतं.

राखीव जागांचं त्याच कायद्याच्या कलम ३२ मध्ये आहे: सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा, आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट. ‘सरकारी आणि अनुदानित’ हे शब्द नीट वाचा. खासगी विनाअनुदानित कॉलेजच तुमच्या यादीत वर असेल, तर त्या रकान्याचा उपयोग कमी.

आता तुमची खरी अडचण. खासगी केंद्राचा रिपोर्ट या दोन्ही खिडक्यांवर चालत नाही. सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (केंद्र सरकारचं दिव्यांग ओळखपत्र) लागतं, आणि तेही कागदपत्र पडताळणीच्या दिवशी मुदतीत असलेलं. प्रमाणपत्र येईलच या भरवशावर ‘हो’ लिहिलं आणि ते आलं नाही, तर अर्ज सर्वसाधारण गटात जातो. राखीव जागेच्या आशेने लावलेला पसंतीक्रम मग अंगाशी येतो. तेव्हा यंदा प्रमाणपत्र हाती नसेल तर ‘नाही’ लिहा आणि विकल्प अर्ज त्याच हिशेबाने भरा. तिसरी खिडकी उघडीच आहे. अर्जात लिहिलं नव्हतं म्हणून कॉलेजने पुढे मदत नाकारावी, असं कायद्यात कुठेही नाही.

प्रश्न: मुलगी अकरावीत. गुण चांगले आहेत, बोलतेही व्यवस्थित. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तिला प्रमाणपत्र मिळेल का? ओळखीचे सांगतात की ‘हुशार मुलांना देत नाहीत’. — एक वडील, सोलापूर

उत्तर: हुशारी मोजायला तिथले डॉक्टर बसलेले नसतात, पण तिथे नेमकं काय मोजतात हे माहीत नसल्याने बरेच पालक रिकाम्या हाताने परततात.

आधी अर्ज. यूडीआयडीच्या स्वावलंबन पोर्टलवर तो भरायचा, रुग्णालय निवडायचं, पावती छापून घ्यायची. तपासणी ठरावीक वारीच असते आणि मानसोपचारतज्ज्ञ व चिकित्सक मानसशास्त्रज्ञ त्याच दिवशी असतील असं नाही, म्हणून जाण्याआधी दिव्यांग कक्षात विचारून घ्या. नावाचं स्पेलिंग आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि अर्जावर अक्षरन्‌अक्षर एकच हवं. क्षुल्लक वाटतं, पण पडताळणीत सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडतात असा आमचा अनुभव आहे.

मोजमाप ‘इसा’ या भारतीय मोजपट्टीवर होतं. त्यात सहा विभागांत मिळून ४० मुद्दे आहेत: सामाजिक देवाणघेवाण, भावनिक प्रतिसाद, बोलणं आणि संवाद, वर्तनाच्या सवयी, संवेदना, आकलन. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. ७० च्या खाली आलं तर या पट्टीनुसार ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. मूळ कोष्टकात ७० गुणांना ४० टक्के धरले आहेत. म्हणजे ६९ आणि ७० यांच्यात एका गुणाचा फरक, आणि त्यावर सगळं अडलेलं.

पट्टीत गुण मिळतात ते ‘किती वेळा’ यावर. एखादी गोष्ट क्वचित होते तर १, बहुतेक नेहमीच होते तर ५. डॉक्टर विचारतात, “गर्दीत त्रास होतो का?” आणि आई कौतुकाने म्हणते, “आता नाही हो, खूप सुधारली.” पण ती सुधारली कशी? लग्नाला न्यायचंच बंद केलं, शाळेच्या सहलीला पाठवलं नाही, मिक्सर लावण्याआधी सांगण्याची घरात सवय झाली. ही मदत धरूनच त्रास दिसत नाही, आणि हेच तिथे सांगायचं असतं. तपासणीच्या आधीचे दोन आठवडे वहीत रोज टिपून ठेवा: काय झालं, किती वेळा, कुणी काय मदत केली. फुगवून लिहू नका. अनुभवी मानसशास्त्रज्ञाला ते लगेच कळतं आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. बऱ्याच मुली मैत्रिणींची नक्कल करून वेळ निभावून नेतात आणि घरी आल्यावर कोसळतात. तपासणीच्या खोलीतल्या अर्ध्या तासात हे दिसत नाही. म्हणून लहानपणीच्या विकासाच्या नोंदी, जुने रिपोर्ट, वर्गशिक्षकांचं पत्र, दहावीला बोर्डाची सवलत घेतली असेल तर तिची मंजुरी, हे सगळं सोबत न्या.

प्रमाणपत्र हातात आल्यावर ते कायमस्वरूपी आहे की तात्पुरतं ते पाहा. तात्पुरतं असेल तर त्याची मुदत बारावीनंतरच्या जुलै-ऑगस्टपर्यंत तरी पुरायला हवी. नकार आला तर कारण लेखी मागा. अपील करता येतं, पण त्यात महिने जातात. अकरावीतच विचारलंत हे बरं झालं. आताच अर्ज करा.

प्रश्न: मी १९ वर्षांची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. निदान मागच्या वर्षी झालं. सरकारी प्रमाणपत्र नाही. तोंडी परीक्षा आणि ग्रुप प्रोजेक्टमध्ये मार्क जातात. मला सगळ्यांना सांगायचं नाही. कॉलेजने घरी फोन केला तर? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: सगळ्यांना सांगायची गरजच नाही. ज्याच्या हातात सोय आहे त्यालाच सांग, आणि त्या सोयीपुरतंच सांग. तू सज्ञान आहेस. हे कुणाला कळावं हे तू ठरवायचं, आणि ते अर्जातच लिहून टाकायचं.

प्रमाणपत्र नसल्याने राखीव जागा किंवा दिव्यांग शिष्यवृत्ती मिळणार नाही. पण सोयीसाठी ४० टक्क्यांची अट सगळीकडे लागू होत नाही. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ४० टक्के ही अट आरक्षणाची आहे. ती लावून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिण्यात अडचण येणाऱ्यांसाठी केंद्राच्या वेगळ्या सूचना आल्या. त्यासाठी मात्र सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. तुझी अडचण लिहिण्याची नसून तोंडी परीक्षेची आहे, म्हणून तुझा अर्ज कॉलेज पातळीवर सुटण्यासारखा आहे.

आधी कॉलेजात समान संधी कक्ष किंवा दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी नेमलेले प्राध्यापक आहेत का ते पाहा. नसतील तर विभागप्रमुख. अर्ज एका पानापेक्षा मोठा नको. निदानाला एक ओळ, अडचणीला दोन ओळी, बाकी मागण्या:

“मी प्रथम वर्ष कला शाखेची विद्यार्थिनी. मला ऑटिझम आहे. अहवालाची प्रत सोबत आहे. अनपेक्षित तोंडी प्रश्नाला लगेच उत्तर देणं आणि तोंडी सूचना लक्षात ठेवणं मला कठीण जातं. तरी तोंडी परीक्षेत प्रश्न लिहून दाखवावा व उत्तराआधी एक मिनिट द्यावं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये माझ्या कामाचा भाग व तारीख लेखी ठरवून द्यावी. लेखी परीक्षेत शेवटच्या बाकावर, दारापासून लांब बसण्याची परवानगी मिळावी. ही माहिती विषय शिक्षक व परीक्षा विभाग यांच्यापलीकडे, तसेच माझ्या घरी, माझ्या लेखी संमतीशिवाय जाऊ नये.”

‘मला समजून घ्यावं’ असं लिहू नकोस. त्यावर मान हलवण्यापलीकडे कुणालाच काही करता येत नाही. ‘एक मिनिट द्यावं’ यावर हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

दोन प्रती काढ. एक कार्यालयात दे आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का घे. शिक्का नसलेला अर्ज पुढच्या सत्रात कुणालाच आठवत नाही. पूर्ण अहवाल द्यायची गरज नाही. त्यात घरच्या कितीतरी गोष्टी असतात. निदान आणि शिफारशींचं पान पुरतं, किंवा मानसशास्त्रज्ञांकडून एक पानी पत्र घे. विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत सोय हवी असेल तर परवानगी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून येते आणि अर्ज प्राचार्यांमार्फत जातो. तो परीक्षा अर्ज भरतानाच दे. उत्तरच आलं नाही, तर लेखी स्मरणपत्र दे, आणि त्यानंतर पुण्यातलंच राज्य दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय.

प्रश्न: नीट देणार आहे. ऑटिझम लिहिला तर एमबीबीएसला अपात्र ठरवतील का? — एक विद्यार्थी, लातूर

उत्तर: वैद्यकीय प्रवेशाचं गणित वेगळं आहे. तिथे नेमलेल्या केंद्रावर तपासणी होते आणि प्रश्न टक्केवारीचा तसाच कार्यक्षमतेचाही असतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ ४० टक्के दिव्यांगत्व आहे म्हणून अपात्र ठरवता येणार नाही. उमेदवार अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाने तपासून कारणांसह लिहायला हवं. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय रकाना भरू नका. इथले नियम बदलत असतात.

प्रश्न: मुलाला अमेरिकेत पदवीसाठी पाठवायचंय, ब्रिटनचाही विचार आहे. निबंधात ऑटिझमबद्दल लिहावं का? आपलं यूडीआयडी तिथे चालेल का? — एक पालक, ठाणे

उत्तर: अमेरिकेत प्रवेश देण्याआधी कॉलेजने दिव्यांगत्वाबद्दल विचारणं कायद्याला धरून नाही. त्यामुळे निबंधात लिहायचं की नाही हा लेखनाचा निर्णय समजा. मुलाला दुसऱ्या विषयावर अधिक चांगलं लिहिता येत असेल तर त्यावर लिहू द्या. निवड झाल्यावर मात्र तिथल्या दिव्यांग सेवा कार्यालयाकडे त्याने स्वतः नोंदणी करायची असते. तिथे आईवडिलांच्या फोनला फारशी किंमत नसते, हे आपल्याकडच्या पालकांना जड जातं. टक्केवारीचं प्रमाणपत्र तिथे उपयोगी पडत नाही. कोणत्या चाचण्या केल्या, रोजच्या अभ्यासात काय अडतं आणि कोणती सोय का हवी, हे सांगणारा अलीकडचा इंग्रजी अहवाल लागतो. एसएटी या तिथल्या प्रवेश परीक्षेला वाढीव वेळ हवा असेल तर मंजुरीला सात आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो.

ब्रिटनमध्ये उलट आहे. यूकास या तिथल्या सामायिक प्रवेश सेवेच्या अर्जातच आरोग्य व दिव्यांगत्वाचा प्रश्न असतो. तिथे लिहिलेलं मदतीच्या तयारीसाठी वापरलं जातं आणि आम्ही ते भरायलाच सांगतो. सरकारी दिव्यांग विद्यार्थी भत्ता मात्र सहसा परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, त्यामुळे विद्यापीठ स्वतः काय देतं ते आधी ईमेलने विचारून घ्या.

प्रश्न: आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला ऑटिझम असावा असं वाटतं. त्याने सांगितलेलं नाही. विचारावं का? — एक प्राध्यापिका, कोल्हापूर

उत्तर: विचारू नका, पालकांनाही नको. सोय सगळ्या वर्गाला द्या: जर्नल आणि सबमिशनच्या तारखा फळ्यावर सांगण्याबरोबर छापून, तोंडी परीक्षेच्या प्रश्नांचा नमुना आठवडाभर आधी, तासाची खोली बदलली तर आदल्या दिवशी निरोप. आणि पहिल्या तासाला एवढं सांगून ठेवा: “अभ्यासात कुठलीही सोय हवी असेल तर मला ईमेल करा, कारण सांगितलं नाही तरी चालेल.” ज्याला बोलायचं असेल तो लिहील. कधीकधी दुसऱ्या सत्रात.