‘गोल्लापुडी श्रीनिवास पुरस्कार’ नेमका कशासाठी, आणि तो राष्ट्रीय पुरस्कारांतलाच आहे का?

नाही, हा सरकारी पुरस्कार नाही. तेलुगू लेखक-अभिनेते गोल्लापुडी मारुती राव यांनी मुलाच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा पुरस्कार पहिलाच कथापट करणाऱ्या भारतीय दिग्दर्शकासाठी आहे.

त्यांचा मुलगा श्रीनिवास १९९२ साली ‘प्रेम पुस्तकम्’ हा आपला पहिला चित्रपट दिग्दर्शित करत होता. नायक होता अजित कुमार, पुढे तमिळ पडद्यावर मोठं नाव झालेला. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर चित्रीकरण चालू असताना लाटेने श्रीनिवासला ओढून नेलं. तारीख १२ ऑगस्ट. अर्धवट राहिलेला चित्रपट वडिलांनी स्वतः पूर्ण केला. श्रीनिवासचा स्मृतिदिन म्हणून चेन्नईतला पुरस्कार सोहळाही १२ ऑगस्टचाच. दीड लाख रुपये आणि स्मृतिचिन्ह असं त्याचं स्वरूप. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे भाषेची अट नाही: तेलुगू घराण्याने मुलाच्या नावे ठेवलेला हा मान ‘तारे जमीन पर’साठी आमिर खानलाही मिळाला.

फक्त एक लक्षात ठेवा. नागराज मंजुळे यांना ‘फँड्री’साठी मिळाला तो पदार्पणाचा पुरस्कार वेगळा. तो राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतला, तेव्हा इंदिरा गांधींच्या नावाने दिला जाणारा. ७०व्या राष्ट्रीय पुरस्कारांपासून त्यातलं हे नाव काढलं आहे. जुन्या याद्या चाळताना दोन्हींची गल्लत होऊ देऊ नका.