व्हीआय इम्प्रूव्हर (गरम झाल्यावर तेल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात घालायचा पॉलिमर) ड्रममध्ये घट्ट झालाय, पंप उचलत नाही. किती गरम करू आणि साठवू कसा?

गरम करावाच लागेल, पण सावकाश. साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला बहुतेक द्रव कॉन्सन्ट्रेट (तेलात विरघळवलेला दाट पॉलिमर) हलायला लागतात. तुमच्या ग्रेडची कमाल मर्यादा मात्र डेटाशीटवरूनच घ्या, कारण ओसीपी (ओलेफिन कोपॉलिमर) आणि पॉलिमेथॅक्रिलेट या दोन पॉलिमर प्रकारांचे आकडे वेगळे असतात.

खरी गोम थर्मामीटरवर दिसत नाही. हा माल उष्णता नीट पुढे नेत नाही आणि घट्ट असल्यामुळे आतल्या आत फिरतही नाही. मधलं तापमान ४० दाखवत असतं, तेव्हा बँड हीटरला (ड्रमभोवती बांधायच्या पट्टीच्या हीटरला) चिकटलेला थर कधीच करपलेला असतो. त्या थरातल्या पॉलिमरच्या लांब साखळ्या तुटतात. मग तेवढाच डोस टाकूनही तेल पातळच येतं आणि लोक सप्लायरशी भांडत बसतात. त्यामुळे किती अंशांवर आणायचं यापेक्षा गरम पृष्ठभाग किती तापतोय, याकडे जास्त लक्ष द्या. ड्रमसाठी गरम खोली सर्वात बरी, वेळ लागला तरी. टाकीला गरम पाण्याची किंवा कमी दाबाच्या वाफेची कॉइल चालते. पातळी कॉइलच्या खाली गेली की हीटिंग बंद. उघड्या कॉइलवरचा थर भाजून कार्बन होतो आणि पुढे स्ट्रेनरमध्ये (गाळणीत) येऊन बसतो.

ड्रम तापवण्याआधी बूच सैल करा, नाहीतर आत दाब साठतो. उघडी ज्योत तर विचारातही आणू नका.

पंप सेंट्रिफ्यूगल असेल तर तो बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. गिअर किंवा स्क्रू पंप घ्या, कमी वेगाने चालवा, सक्शनची (माल ओढणारी) लाइन आखूड आणि जाड ठेवा. डिलिव्हरी बाजूला (माल बाहेर ढकलतो तिकडे) पंपाच्या मर्यादेपर्यंत दाब देता येतो, सक्शनला मात्र वातावरणाचाच काय तो आधार. तिथेच पंप उपाशी राहतो. डिलिव्हरी अडवून माल तासन्‌तास रिलीफ व्हॉल्व्हमधून (जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेतून) फिरवत ठेवू नका, त्यानेही साखळ्या तुटतात.

साठवणीत मोठा शत्रू पाणी. उभा ड्रम उघड्यावर राहिला की झाकणावर पाऊस साचतो. रात्री ड्रम थंड झाला की आत निर्वात होऊन ते पाणी बुचातून ओढलं जातं. छप्पर नसेल तर ड्रम आडवे ठेवा, दोन्ही बुचं एका आडव्या रेषेत, म्हणजे ती मालाखाली राहतात. टाकीत रोजचं तापमान पंपिंगपेक्षा कमी ठेवा आणि काढायच्या आदल्या दिवशी वाढवा. महिनोन्‌महिने ८० वर ठेवलेला माल काळवंडतो. टाकीत मालाच्या वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन देता आला तर उत्तमच.

ब्लेंडिंगला बेस ऑईल (ज्यात हा माल मिसळायचा ते मूळ तेल) आधी ६० च्या आसपास आणा, मग ढवळणी चालू ठेवून माल हळूहळू सोडा. वर, मध्ये, खाली अशी तीन सॅम्पल घेऊन १०० अंशांची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) जुळेपर्यंत ढवळणी थांबवू नका. तळाशी गेलेला जड माल नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

सांडलं तर लगेच वाळू टाका, फरशी भयंकर निसरडी होते. पाइपच्या लॅगिंगमध्ये (उष्णता राखणाऱ्या आवरणात) मुरलं असेल तर ते लॅगिंग काढून टाका. तेलाने भिजलेलं गरम लॅगिंग आपोआप पेट घेऊ शकतं.