दीर्घिकेच्या भुजा गुंडाळल्या का जात नाहीत?

प्रश्न : आपल्या आकाशगंगेतले आतले तारे बाहेरच्यांपेक्षा लवकर फेरी पूर्ण करतात म्हणे. मग इतक्या वर्षांत तिच्या त्या भुजा, म्हणजे ताऱ्यांचे वळणदार पट्टे, पार गुंडाळून जायला नको होत्या का? आणि कॉम्प्युटरवरच्या मॉडेलवर भरवसा किती ठेवायचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शंका एकदम रास्त आहे! सूर्य केंद्रापासून साधारण 26,000 प्रकाशवर्षं लांब, त्याला एका फेरीला 23 कोटी वर्षांच्या आसपास लागतात, म्हणजे जन्मापासून वीसेक फेऱ्या झाल्या. निम्म्या अंतरावरच्या ताऱ्याचा वेग जवळपास तेवढाच पण वाट निम्मी, म्हणून त्याच्या चाळीस. भुजा जर त्याच त्याच ताऱ्यांच्या बनलेल्या असत्या तर आज काही शिल्लक राहिलं नसतं.

1964 मध्ये लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी मांडलं की भुजा म्हणजे घनतेची लाट. वारीत दिवेघाटात दाटी होते तसं, दाटी तिथेच दिसते, वारकरी मात्र पुढे सरकत असतात. त्यांच्या मते ही लाट खूप काळ टिकते, पण कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये बऱ्याचदा भुजा येतात, विरतात, पुन्हा नव्या तयार होतात, त्यामुळे हा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

आता भरवशाचं. मला स्वतःला मॉडेल सगळ्यात मोलाचं वाटतं ते फसतं तेव्हा. 1973 मध्ये ऑस्ट्रायकर आणि पीबल्स या शास्त्रज्ञांनी ताऱ्यांच्या जागी जेमतेम काहीशे बिंदू घेऊन दीर्घिकेची चपटी तबकडी कॉम्प्युटरवर फिरवून पाहिली, तर ती थोड्याच वेळात बिघडून मधे ताऱ्यांचा जाडजूड दांडा झाला! तबकडीभोवती न दिसणाऱ्या वस्तुमानाचा मोठा हेलो, म्हणजे वेढा, धरला तेव्हा कुठे ती स्थिर राहिली, आणि डार्क मॅटरच्या, म्हणजे या न दिसणाऱ्या पदार्थाच्या, बाजूने हा एक भक्कम मुद्दा ठरला. पुढे हेलोतले कणसुद्धा हलते ठेवले तर उलटंच दिसलं, हेलो दांड्याचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) शोषून घेतो आणि दांडा आणखी बळकट होतो. आपल्या आकाशगंगेतही दांडा आहेच.

आणि ताजी गोष्ट पुण्याची. एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या डेटात 'अलकनंदा' नावाची दीर्घिका शोधली, विश्व फक्त 150 कोटी वर्षांचं होतं तेव्हाची, आणि तिला चांगल्या ठसठशीत दोन भुजा! तेव्हाच्या तबकड्या गॅसने खदखदणाऱ्या, ओबडधोबड असतील असा बऱ्याच मॉडेलांचा अंदाज, त्यामुळे एवढ्या लवकर इतकी नीटस तबकडी कशी बसली हे आता त्या मॉडेलांना सांगावं लागणार. तिच्यातला गॅस नेमका कसा फिरतोय ते मोजलं की या भुजा कशा तयार झाल्या असाव्यात याचा अंदाज येईल.